तीनदा मोकळं

आमच्या कामात एकच शब्द महत्त्वाचा असतो, आणि तो तीनदा उच्चारावा लागतो.

लिफ्टच्या तळाशी, सगळ्यांत खालच्या मजल्याच्याही खाली, पुरुषभर खोल खड्डा असतो. दुरुस्तीच्या वेळी एक जण त्या खड्ड्यात उतरतो आणि दुसरा इमारतीच्या माथ्यावर, मोटरच्या खोलीत थांबतो. दोघांच्या मध्ये मजल्यांमागून मजले अंधार आणि लोखंडी दोर. खालचे काम आटोपून माणूस बाहेर आला, की त्याने ओरडायचे, ‘मोकळं!’ वरच्याने तोच शब्द त्याला परत द्यायचा, ‘मोकळं?’ आणि खालच्याने तिसऱ्यांदा सांगायचे, ‘मोकळं!’ त्यानंतरच वरच्याने कळ दाबायची. खड्ड्यात अजून कुणी असेल तर उत्तर ‘थांब’. ते मात्र एकदाच पुरते. हा नियम आम्हांला मामांनी शिकवला. मामा आमचे मुकादम. नात्याने ते कुणाचेच मामा नव्हते, त्यामुळे सगळ्यांचे होते.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, या नियमाचे हसू येई. ‘तीन-तीनदा काय बोंबलायचं? लिलाव चाललाय का?’ असे तो म्हणे. त्याचा आवाज मुळातच दणकट. एकदा ओरडला तरी गच्चीवरची कबुतरे उडत. हळूहळू तिनाचे दोन झाले आणि दोनाचा एक; वरून ‘मोकळं’ म्हणायचे ते कळ दाबता दाबता, नुसते सवयीने. मला ते सोयीचेच होते. मी लहानपणापासून अबोल. दादा मला मुक्या म्हणे, आणि त्याच्यामुळे सगळेच तसे म्हणू लागले. ‘आमच्या मुक्याला दिवसाला एक शब्द पुरतो, आणि तोही कंपनीकडून फुकट मिळतो,’ हा त्याचा ठरलेला विनोद होता.

एका मंगळवारी मी वर होतो आणि दादा खाली. मोटरच्या खोलीच्या जमिनीला दोर जाण्यासाठी भोके असतात. खालचा आवाज त्या भोकांतूनच वर येतो, आणि येता येता त्याच्या कडा झिजतात. मला ‘मोकळं’ ऐकू आले. मी ‘मोकळं’ म्हणालो. तिसऱ्याची वाट न पाहता कळ दाबली. लिफ्ट वर निघाली. आणि लिफ्ट वर निघाली, की तिला तोलून धरणारे लोखंडी वजन त्याच वेगाने खाली उतरते, जराही आवाज न करता. दादा त्या वजनाखाली उभा होता.

दुसऱ्या दिवशी अपघाताच्या चौकशीला आलेल्या बाईंनी मला विचारले, “इशारा मिळाला होता का?”

“हो. मोकळं ऐकू आलं.”

त्यांनी तसे लिहून घेतले. किती वेळा ऐकू आले, हे त्यांनी विचारले नाही. आणि न विचारलेल्याचे उत्तर देण्याची मला सवय नव्हती. पाच महिने मी त्या वाक्याच्या आडोशाला राहिलो. त्यातले अक्षर न् अक्षर खरे होते.

मग वहिनीच्या नावे पत्र आले. अपघाताच्या वेळी मयताच्या फोनवर संभाषण चालू होते असे निदर्शनास आले आहे. त्याबाबत पत्नीचा जबाब नोंदवून चौकशी बंद करायची आहे. गुरुवारी दुपारी चार वाजता घरी उपस्थित राहावे. जिन्यात उभ्या उभ्या मी ते वाचले, आणि जे वाटले ते लिहिताना आजही हात अडखळतो. मला हायसे वाटले. फोन होता तर! मग ते माझे एकट्याचे नव्हते. त्या रात्री मी पाच महिन्यांत प्रथमच सलग झोपलो.

पत्र ज्या दिवशी आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वहिनी अंघोळीला गेली, की नळ पूर्ण सोडून ठेवू लागली. अंघोळीला इतके पाणी लागत नाही, हे भिंतीपलीकडे बसलेल्या मला कळत होते.

गुरुवारी सकाळी मी बूट घालत होतो. वहिनी औषधांच्या दुकानात काम करते. त्या दिवशी तिने सुटी घेतली होती आणि तरीही पहाटेपासून तयार होऊन बसली होती.

“भाऊजी, चारच्या आत याल?”

“येतो.”

“नक्की या. मला ते एकदाच सांगता येणारे. तुम्हाला वेगळं, आईंना वेगळं, असं नाही जमायचं.”

आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. “असं काय सांगायचंय एवढं?”

“फोन माझा होता, आई.”

“बरं मग? बायकोनं नवऱ्याला फोन करायचा नाही तर कुणाला करायचा?”

“खड्ड्यात उतरलेल्या माणसाला करायचा नसतो,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी समतल होता, रात्रभर घासून गुळगुळीत केल्यासारखा. “ते बाहेरच येत होते. एक पाय शिडीवर होता, असं त्यांनीच सांगितलं. फोन वाजला म्हणून परत खाली उतरले. मी तसंच सांगणारे बाईंना. माझ्या फोनमुळे गेले ते. लिहून घ्या आणि मिटवा.”

आईने देठ आणि पाने यांची एकत्रच जुडी केली आणि ती तशीच टोपलीत टाकली. मी बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. तेव्हाच सांगायला हवे होते. शब्द ओठांपर्यंत आला आणि नेहमीप्रमाणे तिथूनच माघारी गेला. जिना उतरताना मी हिशेब केला : आठ तास. आठ तासांत माझ्या तोंडून एक वाक्य निघाले नाही, तर वहिनी जन्मभर माझे ओझे आपले समजून वाहील, आणि मी तिच्याच हातचे जेवत राहीन.

दादा गेल्यापासून मामांनी मला कारखान्यात पुली घासायला बसवले होते. त्या दिवशी मात्र त्यांचा एक माणूस तापाने पडला होता.

“माझे गुडघे खड्ड्यात उतरायचे राहिलेत का आता?” मामा म्हणाले. “मी वर बसतो, तू खाली जा. छोटंसं काम आहे, तासाभराचं. येशील ना?”

मी मान हलवली.

इमारत पाच मजली होती. चौथ्या मजल्यावर चाकांच्या खुर्चीतले एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांना बाराच्या आत दवाखान्यात पोहोचवायचे होते आणि त्यांची मुलगी दर दहा मिनिटांनी कठड्यावरून वाकून विचारत होती, “झालं का हो?” तिच्यापेक्षा मोठी काळजी पहारेकऱ्याला लागली होती.

“मास्तर, लवकर उरका,” तो मला म्हणाला. “नाहीतर आजोबांना मलाच पाठुंगळी घ्यावं लागेल. मागच्या वेळी घेतलं होतं. माझ्या दुप्पट वजन, आणि चार मजले उतरेपर्यंत मलाच शिव्या, की तू नीट चालत नाहीस.”

मी हसलो असेन. शिडीवरून खाली उतरलो. खड्ड्यात जुन्या तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता. एका बाजूला भिंतीलगत दोन लोखंडी पट्ट्या उभ्या वर गेल्या होत्या. वजन त्यांच्यामधून खाली येते. त्या बाजूला मी पाहिले नाही. खालचे लाल बटण दाबले. ते दाबलेले असले की वरून कुणी काहीही केले तरी लिफ्ट हलत नाही. झिजलेली स्प्रिंग बदलली, तेल पुसले, दिवा उचलला. मग, निघताना दादानेही सोडवले असेल तसे, लाल बटण सोडवले, शिडी चढून बाहेर आलो आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन उभा राहिलो.

“मोकळं!”

माझाच आवाज वर जाताना मी ऐकला. मजला मजला चढत तो बारीक झाला. थोड्या वेळाने तेवढ्याच अंतरावरून मामांचा आला.

“मोकळं?”

आता तिसरा. मी तोंड उघडले. काहीच बाहेर पडले नाही.

वर मामा थांबले होते. तिसरा ऐकल्याशिवाय ते कळ दाबणार नव्हते. त्या मंगळवारपासून त्यांनी तो नियम पुन्हा शब्दशः पाळायला घेतला होता. दोर निश्चल होते. दोर इतके निश्चल असतात तेव्हा त्यांतून एक बारीक गुणगुण ऐकू येते, इमारतीच्या श्वासाची म्हणावी अशी. मी ती ऐकत होतो. दुसऱ्या शब्दानंतर तिसऱ्याची वाट पाहायला किती वेळ लागतो, हे मला प्रथमच कळत होते. फार नाही. खोलवर घेतलेल्या दोन श्वासांइतका. तेवढा वेळ मी दादाला दिला नव्हता.

“मोकळं का रे?” वरून पुन्हा आले.

“अहो, मास्तर,” पहारेकरी म्हणाला, “बोला की काहीतरी. बरं वाटत नाही का?”

“मुक्याऽ!”

मी हात हलवला, जणू मामा पाच मजल्यांवरून पाहू शकत होते. मग जिन्यावर पावले वाजू लागली. एक जोराचे, एक हलके, प्रत्येक पायरीवर गुडघ्याशी तडजोड करणारी. मामा पूर्ण पाच मजले उतरून आले, पहारेकऱ्याला त्यांनी पाणी आणायला पिटाळले, आणि शेवटच्या पायरीवर धापा टाकत बसले.

“बस,” ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसलो. ते बराच वेळ कपाळाचा घाम पुसत राहिले.

“त्या दिवशी किती ऐकलेस?”

पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तो प्रश्न विचारला होता.

“एक.”

मामांनी डोळे मिटले. “वाटलंच होतं मला.”

“मग विचारलं का नाहीत?”

“विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.” त्यांनी डोळे उघडले नाहीत. “मग मला कुणीतरी विचारलं असतं, की मामा, तुमच्या हाताखाली तिनाचा एक कधी झाला? आणि मी काय सांगणार? मी ऐकत होतो रे रोज. दादाची मस्करी ऐकून हसत होतो. लिलाव चाललाय का म्हणे! चांगलं बोलायचा. हसण्यावारी नेलं मी.”

वरून मुलीचा आवाज आला, “झालं का हो?”

“पाच मिनिटं, ताई!” मामा ओरडले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “आज ती बाई येणारे ना घरी?”

“चारला.”

“सूनबाई फोनचं सांगेल. फाईल मिटेल. ऐक माझं, मिटू दे. गेलेला काही परत येत नाही. तुझं उभं आयुष्य पडलंय आणि माझी दोन वर्षं उरलीत. कशाला उकरतोस?”

“वहिनी म्हणते, तिच्यामुळे गेला.”

“म्हणू दे. बायका म्हणतात. चार महिने रडेल आणि मोकळी होईल.”

तो शब्द त्यांच्या तोंडून अगदी सहज गेला. गेल्यावर त्यांना तो ऐकू आला. आम्ही दोघेही खड्ड्याच्या दाराकडे पाहत बसलो. रडून मोकळे व्हावे, बोलून मोकळे व्हावे, देणे देऊन मोकळे व्हावे. या भाषेत माणसाला मोकळे होण्याच्या इतक्या वाटा आहेत, आणि आम्ही मात्र या एका शब्दावर एक माणूस गमावून बसलो होतो.

“मामा,” मी म्हणालो, “मी सांगितलं तर तुमचंही नाव निघेल.”

“निघेल.”

“मी घेणार नाही. पण विचारलं तर खोटं बोलणार नाही.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असावेत असे वाटले. मग वाटले, नसावेत. शेवटी कठड्याला धरून उठले. “मुक्या म्हणे!” ते पुटपुटले. “पाच मजले उतरवलंस मला, आता पाच चढवतोस. निदान वर पोचलो की तेवढं तिसरं तरी सांग.”

ते वर पोहोचेपर्यंत मी दाराच्या फटीतून त्या दोन पट्ट्यांकडे पाहत राहिलो. या वेळी नजर काढून घेतली नाही. वरून ‘मोकळं?’ आले. मी दोन श्वास मोजले.

“मोकळं!”

मोटर घुमली. लिफ्ट वर निघाली. आणि मग अंधारातून ते वजन उतरत आले, ओशाळल्यासारखे हळू, रिकाम्या खड्ड्याच्या काठापर्यंत, आणि थांबले. पहारेकरी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागे उभा होता. पाणी कुणीच प्यायले नाही.

चारला दहा मिनिटे असताना मी घरी पोहोचलो. चौकशीच्या बाई आधीच आलेल्या होत्या. थकलेल्या, मध्यमवयीन, पायांतल्या चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणाऱ्या. मांडीवर फाईल होती. त्यांचे पेन चालत नव्हते; त्या ते कागदाच्या कोपऱ्यावर गोल गोल गिरवत होत्या. आईने दादाच्या टेबलाच्या खणातले पेन आणून दिले. ते लगेच चालले.

“हं, सांगा,” बाई म्हणाल्या. “घाई नाही.”

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. आई दाराजवळ, मी खिडकीशी.

“ते डबा घरी विसरले होते,” वहिनीने सुरुवात केली. “मी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी फोन केला. म्हटलं, डबा राहिलाय, दुकानात जाता जाता आणून देऊ का? तिथे आवाज नीट येत नव्हता. ते ओरडूनच बोलत होते. म्हणाले, काय तू, एक पाय शिडीवर होता माझा, तुझ्यासाठी उतरलो परत. मी म्हटलं, डबा आणू की नको ते सांगा. ते म्हणाले...”

ती थांबली. पदराचे टोक तिने बोटाला गुंडाळले होते. ते बोट पांढरे पडले होते.

“म्हणाले, अगं, आधी इथून मोकळं होऊ दे मला, मग...”

खोलीत तेवढाच शब्द उरला.

मी तो ओळखला. तसाच होता, त्याच्या आधीचे काही नाही, नंतरचे काही नाही, फक्त मधला तेवढा भाग, दणकट, अर्धवट हसरा. भोकांतून माझ्यापर्यंत आला होता तो. पाच महिने मी स्वतःला विचारत होतो, की दादा बाहेर आला नव्हता तर ओरडला कसा. आणि कधी कधी, सगळ्यांत वाईट रात्री, तो ओरडलाच नसेल, मला भास झाला असेल, असेही वाटत होते. तो ओरडला होता. मला नव्हे.

“माझ्यामुळे,” वहिनी म्हणत होती, “माझ्या फोनमुळे ते...”

“नाही,” मी म्हणालो.

तिघींनी माझ्याकडे पाहिले. माझा आवाज मलाच परका वाटला.

“तुमची वेळ येईल,” बाई म्हणाल्या. “आधी यांचं...”

“मी वर होतो. नियम असा आहे, की खालून एकदा, वरून एकदा, आणि खालून पुन्हा एकदा, असं तीनदा ‘मोकळं’ झाल्याशिवाय कळ दाबायची नाही. मी एक ऐकलं. एक म्हटलं. तिसऱ्यासाठी थांबलो नाही. थांबलो असतो तर त्यानं ‘थांब’ म्हटलं असतं.” मी श्वास घेतला. “तो वहिनीशी बोलत होता. मला वाटलं, माझ्याशी बोलतोय. फोन कुणीही केला असता. कळ मी दाबली.”

बाईंचे पेन हवेत राहिले. “हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत.”

“नाही.”

“तिनाऐवजी एक, ही सवय तुमची एकट्याची?”

तो प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. उत्तरही तयार होते, आणि मऊ होते : दादानेच ती लावली. तेवढेच म्हणायचे होते. आईकडे पाहिले. तिचे ओठ किंचित हलत होते, मी काय बोलतो आहे ते स्वतःशी पुन्हा म्हणून पाहत असल्यासारखे.

“आम्हा सगळ्यांची,” मी म्हणालो. “पण त्या दिवशी वर मी होतो.”

बाई लिहू लागल्या. दादाचे पेन कागदावर चालण्याचा आवाज येत होता. आई उठली. ती माझ्याकडे येईल असे क्षणभर वाटले, मारायला का होईना. ती वहिनीजवळ जाऊन बसली आणि तिच्या बोटाला गुंडाळलेला पदर एकेक वेढा करून सोडवू लागली. माझ्याकडे तिची पाठ होती.

वहिनी मात्र माझ्याकडे पाहत होती.

“तुम्ही ‘मोकळं’ म्हणालात ना?” तिने विचारले. “एकदा म्हणालात?”

“हो.”

“मी ऐकलं होतं ते.”

मला कळेना.

“फोनवर. मागून, लांबून आला होता तुमचा आवाज. मला कुठे ठाऊक होतं त्याचा अर्थ काय! त्यांनी घरी कामाचं कधी काही सांगितलं नाही. मला वाटलं, काम संपलं असेल.” बाईंनी लिहायचे थांबवले होते. “ते हसले. म्हणाले, ऐकलंस का गं, आमचा मुक्या बोलला. आणि मग लगेच, जोरात, ‘थांब’ म्हणाले. मला वाटलं मला म्हणाले. मी थांबले. फोन कानाला लावून किती वेळ थांबले.”

मोटरच्या घुमण्यात तो ‘थांब’ कुठे विरला असेल, ते मला ठाऊक आहे. मोटर सुरू झाली, की भोकांतून फक्त वारा येतो.

बाईंनी जबाब वाचून दाखवले. दोघांनी सह्या केल्या. जाताना त्या दादाचे पेन परत द्यायला विसरल्या, आणि पहिल्या मजल्यावरून पुन्हा चढून येऊन देऊन गेल्या. रात्री आईने ताट वाढून माझ्यासमोर सरकवले. मी घास घेतला तेव्हा म्हणाली, “मीठ कमी असेल.” नव्हते.

पुढे चौकशी वाढली. मामांना बोलावले, ते गेले आणि विचारले ते सगळे त्यांनी सांगितले. मला ताकीद मिळाली, आणि सहा महिने वर बसायला मनाई, फक्त खाली. मला तेच हवे होते. खाली असणाऱ्याला शब्द दोनदा म्हणावा लागतो.

वहिनी माझ्याशी बोलत नव्हती. रागाने नव्हे, निदान मला तसे दिसले नाही. एखाद्या खोलीतले सामान हलवले, की काही दिवस माणूस अंधारात ठेचकाळतो आणि हात पुढे धरून चालतो. ती तशी चालत होती. नळ मात्र आता पूर्ण सुटत नसे. भिंतीपलीकडून तिचे रडणे ऐकू येई, आणि ते ऐकू येऊ देणे हे तिने माझ्यासाठी केलेले आहे की माझ्याविरुद्ध, हे मी ठरवू शकत नसे.

जबाबानंतर अकराव्या दिवशी सकाळी मी दाराशी बूट घालत होतो. मागून डबा पुढे आला. दादाचा डबा, झाकणाला पोचा आलेला. पाच महिने तो फळीवर पालथा होता.

“आज वर की खाली?” तिने विचारले.

“खाली.”

“कसं म्हणता ते? मला दाखवा.”

“इथे?”

“इथेच.”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो, वळलो, आणि वर उंबऱ्यात उभ्या असलेल्या वहिनीकडे पाहिले. कामावर ओरडतो तसे नव्हे, पण स्पष्ट म्हणालो,

“मोकळं.”

तिने तो शब्द परत द्यायचा होता. तिला नियम आता माहीत होता. तिचे ओठ उघडले, मिटले. जिन्यात वरच्या कुणाच्या तरी घरातले घड्याळ वाजत होते. मी दोन श्वास मोजले, मग आणखी दोन.

“थांबा,” ती म्हणाली.

एकदाच म्हणाली. मी डबा हातात धरून त्या पायरीवर थांबलो.